ह्यांच्या हातावरचं नाव

माझ्या नवऱ्याच्या उजव्या हातावर, मनगटाच्या चार बोटं वर, माझं नाव गोंदलेलं होतं. निदान जग तरी तसंच समजत होतं. कॉलनीतल्या बायका मला त्यावरून चिडवायच्या, "तुझं बाई बरंय. आमच्या ह्यांना आमचा वाढदिवस आठवत नाही आणि तुझ्या नवऱ्याने नाव अंगावर कोरून घेतलंय!" मी हसायचे. पहिल्या पहिल्यांदा खरंच हसायचे, पुढे पुढे तोंड नुसतं तसं करायचे. ते नाव माझं नव्हतं. ते माझ्या आधीपासून त्या हातावर होतं आणि नंतर मला त्याच्या मापाने बेतून घेतलं होतं. दोन्ही नावं, ते आणि माझं जन्माचं, मी इथे लिहिणार नाही. नावांचा मला आता कंटाळा आलाय.

माझं माहेर सटाण्याच्या पलीकडचं. वडील कांद्याच्या मार्केटात कारकून होते. नव्वदच्या सुमाराला मला बघायला ही मंडळी आली, तेव्हा भर मे महिना होता. पत्र्याखाली बसलेले सगळे पुरुष टॉवेलने मान पुसत होते आणि नवरामुलगा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून, मनगटापर्यंत बटणं लावून ताठ बसला होता. घामाने बाह्या हाताला चिकटल्या होत्या. माझे काका नंतर म्हणाले, "मुलगा शिस्तीचा दिसतो. एवढ्या उन्हात बाही वर केली नाही." मुलगा एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात, थर्मलमध्ये कायम नोकरीला, राहायला कॉलनीत क्वार्टर, घरात आई आणि एक लग्न झालेली बहीण. आणखी काय पाहिजे होतं? आमच्याकडे तर सगळ्यांना स्वर्ग दोन बोटं उरला.

सुपारी फुटली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "आमच्यात नाव बदलतेत बरं का. आम्ही नाव काढून ठेवलंय, लय चांगलं नाव हाय." वडील म्हणाले, "मुलगी आता तुमची, नावही तुमचंच." मला कोणी विचारलं नाही आणि मला विचारावं असं मलाही वाटलं नाही. आमच्या गावात लग्न होऊन गेलेल्या प्रत्येक मुलीचं असंच व्हायचं. सासरी गेल्यावर ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्याने अंगठीने त्यात नवं नाव लिहायचं, पेढे वाटायचे, झालं. आईचा चेहरा मात्र जरा उतरला. माझं नाव तिने हट्टाने ठेवलं होतं. बारशाला आत्याने कानात वेगळंच नाव सांगितलं होतं, पण आईने हाक मारली ती स्वतःच्या आवडीच्या नावानेच, आणि आत्या वर्षभर रुसली तरी तेच टिकलं. सुपारीच्या दिवशी आईने नवं नाव विचारून घेतलं, एकदा स्वतःशी म्हणून पाहिलं आणि आमच्या अहिराणीत "चांगलं शे" एवढंच म्हणाली. नाव खरंच चांगलं होतं, खोटं कशाला बोलू?

लग्न झालं, मी एकलहऱ्याला आले, तांदळात नाव लिहून झालं. दुसऱ्या दिवशी सत्यनारायण होता. हे उघड्या अंगाने, खांद्यावर उपरणं घेऊन पाटावर बसले होते आणि मी शेजारी. गुरुजी म्हणाले, "वहिनी, यजमानांच्या हाताला हात लावा." मी त्यांच्या उजव्या हाताला बोटं लावली आणि खाली बघते तर तिथे हिरव्या अक्षरांत कालचंच नाव. माझं नाव! माझ्याबरोबर पाठराखीण म्हणून मावसबहीण आली होती. तिनेही मागून वाकून पाहिलं आणि पूजा चालू असताना माझ्या पाठीत असा चिमटा काढला की मी ओरडायचीच राहिले. "अगं, तुझं नाव गोंदून घेतलंय त्यांनी!" ती कानात म्हणाली. त्या क्षणी मला जे वाटलं ते पुढे कधी कशानेच वाटलं नाही. मला बघून जेमतेम महिना झाला होता, आम्ही एकमेकांशी धड चार वाक्यं बोललो नव्हतो, आणि या माणसाने माझ्यासाठी सुया टोचून घेतल्या होत्या. मी पूजाभर रडत होते. बायकांना वाटलं, माहेरची आठवण येतेय.

मावसबहीण परत गेली ती ही बातमी घेऊनच. आईने ती गावभर केली. पाणवठ्यावर, गिरणीत, मार्केटात, जिथे म्हणून चार माणसं भेटतील तिथे, "आमच्या जावयाने पोरीचं नाव हातावर काढलंय." माझ्या वर्गातल्या मुलींची लग्नं त्याच वर्षी झाली. त्यांच्या नवऱ्यांना माझ्या नवऱ्यावरून टोमणे बसले असं नंतर कळलं. बिचारे.

एक गोष्ट मात्र तेव्हापासूनच होती. हे मला नावाने हाक मारत नसत. "अगं", "ऐकलं का", फार झालं तर नुसतं दाराची कडी वाजवणं. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. घरात सासूबाई, नणंदेचं येणंजाणं, वडीलधाऱ्यांसमोर बायकोचं नाव कुठे घ्यायचं? मला वाटायचं, ज्याने नाव हातावर घेतलंय त्याने ते तोंडाने घेतलं काय आणि न घेतलं काय. मी मूर्ख होते असं नाही. मी वीस वर्षांची होते.

मुलगी झाली. ती रांगायला लागली त्या सुमारास एक दिवस सासूबाईंची सिन्नरकडची चुलतबहीण घरी आली. तिचा मुलगा बिघडला होता म्हणून ती रडायला आली होती. बिघडला म्हणजे काय, तर गावातल्या कुठल्याशा मुलीचं नाव त्याने जत्रेत मशीनवर हातावर काढून घेतलं होतं. मुलगी तर हाती लागणार नव्हतीच, आणि आता स्थळं येऊन हात बघून परत जात होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मी स्वयंपाकघरात चहा ठेवत होते. दार उघडं होतं. सासूबाईंचा आवाज मुळातच मोठा. त्या म्हणाल्या, "येवढं काय रडायचं त्यात? नवरीचं नाव तर बदलायचंच असतंय. जे हातावर हाय तेच ठेवायचं. आम्ही नाय का केलं? पाच स्थळं गेली आमची त्या हातापायी. मग माझ्याच डोक्यात आलं. आज बघ, कोणी नाव तरी ठेवतंय का?"

चहा उतू गेला. गॅस विझून गॅसचा वास घरभर सुटला तेव्हा सासूबाई आत आल्या, नॉब बंद केला आणि मला म्हणाल्या, "ध्यान कुठंय?" माझ्या चेहऱ्याकडे बघूनही त्यांच्या काही लक्षात आलं नाही. त्यांनी माझ्यापासून काही लपवलं होतं असं त्यांना वाटतच नव्हतं. त्यांच्या लेखी ती एक नीट निस्तरलेली अडचण होती, फाटलेल्या जागी त्याच रंगाचं ठिगळ लावावं तशी. एका दगडात दोन पक्षी. मला त्यांचा राग करता आला असता तर बरं झालं असतं. पण पुढे एकदा मी त्यांना विचारलं, "आत्याबाई, तुमचं माहेरचं नाव काय होतं?" तर त्या भाजी निवडता निवडता थांबल्या, थोडा वेळ विचार केला आणि म्हणाल्या, "कोण घेतंय ते आता? सोड." ज्या बाईने स्वतःचंच नाव असं सोडून दिलं, तिला माझ्याचं काय पडलेलं असणार?

राग ह्यांचा आला. हे फर्स्ट शिफ्ट करून आले, कोळशाने काळवंडलेले, आणि मोरीत हातपाय धुवत होते. मी टॉवेल घेऊन उभी राहिले आणि विचारलं, "हे कोणाचं नाव आहे?"

"तुझंच की."

"माझ्या आधी कोणाचं होतं?"

ह्यांनी साबण ठेवला. पाणी तसंच वाहत राहिलं. शेवटी म्हणाले, "लग्नाच्या आधीचं आहे ते. संपलंय."

"संपलंय कसं? मी आहे ना रोज!"

मग तुकड्या-तुकड्यांनी सगळं बाहेर आलं. फार काही नव्हतंच. कॉलेजात असताना शेजारच्या गल्लीतली मुलगी. दोघं मित्रमैत्रिणींबरोबर चैत्रात देवीच्या गडावर यात्रेला गेले होते. पायथ्याला गोंदणारा मशीन घेऊन बसला होता. ठरलं असं की ह्यांनी तिचं नाव काढायचं आणि तिने ह्यांचं. आधी ह्यांचा नंबर लागला. ह्यांचं पूर्ण होईपर्यंत ती समोर बसून रक्ताचे थेंब बघत होती. तिची पाळी आली तशी ती उठली आणि "मला भीती वाटते" म्हणून जी पळाली ती थेट गाडीत जाऊन बसली. पुढे तिचं लग्न नांदगावकडे झालं. तिच्या हातावर काहीच नव्हतं, तिला कुणी काय विचारणार? ह्यांचं मात्र गाढवही गेलं आणि ब्रह्मचर्यही गेलं. हे सांगताना स्वतः हेच थोडे हसले. मला हसू आलं नाही असं नाही, पण मी ते बाहेर येऊ दिलं नाही.

लग्न ठरायच्या आधी ह्यांनी ते घालवायचा प्रयत्नही केला होता. कोणीतरी सांगितलं म्हणून बिब्बा लावला. हात सुजून दुधीएवढा झाला, पू झाला, पंधरवडाभर रजा पडली, आणि खपली निघाली तेव्हा अक्षरं आधीपेक्षा ठळक! "मग मी काय करू सांग," हे म्हणाले, "हात तोडू?"

"हात नका तोडू," मी म्हटलं. "मला माझ्या नावाने हाक मारा."

"मारतो की."

"कधी? एकदा तरी मारलीत का? आणि ते नाही. माझं. आईने ठेवलेलं."

ह्यांनी साबण पुन्हा उचलला. तेव्हा मला कळलं की हे मला नावाने का बोलावत नाहीत. वडीलधाऱ्यांची लाजबीज काही नव्हती. ते नाव तोंडात आलं की ह्यांच्या डोळ्यांपुढे मी येत नव्हते, एवढंच. आणि दुसरं नाव, माझं खरं, ते आईसमोर कसं घ्यायचं? "आई काय म्हणेल? आणि जिभेला तरी वळायला पाहिजे ना," हे म्हणाले. मी म्हटलं, "घरात कोणी नसताना तरी." हे म्हणाले, "बघू." आमच्या घरात बघू म्हणजे नाही.

वाईट माणूस होता का हा? मुळीच नाही. हे मी रागात असतानाही म्हणत आलेय. दारूचा थेंब नाही, पगार घरात, मुलीच्या तापात रात्रभर उशाशी. माझ्या आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन ह्यांनीच नाशिकला आणून करवलं. भांडायला कुठे जागाच नव्हती. आपलेच दात आणि आपलेच ओठ. ज्याच्या विरुद्ध तक्रार करावी असं काही नाही, त्याच्याबरोबर राहून जो थकवा येतो तो कोणाला सांगताही येत नाही. लोक म्हणतील, खायला-प्यायला आहे, मारत नाही, नाव हातावर घेऊन फिरतो, हिला झालंय तरी काय?

आईला मी कधी सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. तिने गावात एवढी मिरवलेली गोष्ट, तिचं पाणी पाणी कशाला करू? शिवाय माझं नाव घेणारी ती एकटीच होती. भाऊ माझ्याहून लहान, तो ताई म्हणतो. वडील गेले होते, आणि बाकी नातलगांनी सासरचंच नाव उचललं होतं. मी माहेरी गेले की दारातून आईची हाक यायची, आणि मला अंगावरून ओझं उतरवून खाली ठेवल्यासारखं वाटायचं. दोन-चार दिवस मी मीच असायचे. मग एसटीत बसले की नाशिकरोड येईपर्यंत पुन्हा ते दुसरं नाव पांघरायचं.

एकदा दिवाळीत आई मला हसत हसत सांगत होती. ती बाजाराला सटाण्याला गेली होती, माझी फार आठवण आली म्हणून एसटीडी बूथवर उभी राहिली. आमच्याकडे तेव्हा फोन नव्हता, शेजारच्या वहिनींचा नंबर आईकडे दिलेला होता. लागला फोन. आईने माझ्या नावाने मला बोलवायला सांगितलं. तिकडून कोणीतरी म्हणालं, या नावाचं इथे कोणी राहत नाही, आणि ठेवून दिला. आईला नंतर आठवलं की सासरचं नाव सांगायला हवं होतं, पण मागे लाइन लागली होती, परत कशाला म्हणून ती भाजी घेऊन घरी गेली. "तिले काय माहीत तू कोन शे!" म्हणून आई पोट धरून हसत होती. मला हसता आलं नाही. मी उठून मागच्या अंगणात गेले आणि तिथे उगीच तुळशीला पाणी घालत बसले. या नावाचं इथे कोणी राहत नाही. खरंच तर बोलली होती ती बाई.

दोन हजारनंतर, सिंहस्थ होऊन गेल्यावर, आई गेली. फार आजारी नव्हती, एका सकाळी उठलीच नाही. दहावं-तेरावं करून मी परत आले आणि आठवड्याने माझ्या ध्यानात आलं की आता मला माझ्या नावाने हाक मारणारं या जगात कोणी उरलं नाही. सासूबाईही तोपर्यंत गेल्या होत्या. मी ह्यांना दुसऱ्यांदा म्हटलं. "आता तर आत्याबाईही नाहीत घरात. आता मारा की हाक." ह्यांनी पेपर खाली ठेवला. त्यांनी प्रयत्न केला, मी पाहिलं ते. ओठ हलले. आणि मग म्हणाले, "अगं, इतक्या वर्षांनी काय ते."

मी तो विषय सोडला. म्हणजे तोंडाने सोडला.

मुलगी बारावी होऊन कॉलेज रोडला कॉलेजात जायला लागली. तोवर गोंदण हा शब्द जाऊन टॅटू आला होता. आमच्या वेळी जत्रेत चटईवर बसून होणारं काम आता काचेच्या दुकानात, एसीत, गाणी लावून व्हायला लागलं होतं. एक दिवस जेवताना ती म्हणाली, "आई, मी टॅटू काढणारे. छोटासा. मनगटावर." मला वाटलं फुलपाखरू नाहीतर चांदणी असेल. म्हटलं, "काय काढणार?"

"तुझं नाव! बाबांसारखं. माझ्या सगळ्या मैत्रिणींना मी बाबांचं सांगितलंय. त्या म्हणतात, सो क्यूट, तुझे बाबा कसले रोमँटिक आहेत. मला तसंच, त्याच अक्षरात पाहिजे."

माझ्या हातातला घास हातातच राहिला. ह्यांनी मान खाली घातली आणि भात कालवत राहिले. आमटी संपली तरी कालवत राहिले.

"नाही," मी म्हटलं.

"का नाही? बाबांचं चालतं आणि माझं चालत नाही?"

"नाही म्हणजे नाही. त्या नावाचा टॅटू या घरात पुन्हा निघणार नाही."

"आई, काय तू! तुझं नाव आहे ते."

तेव्हा माझा बांध फुटला. इतकी वर्षं ज्याच्यावर बसून होते ते सगळं वर आलं. मी ओरडले, "माझं नाव? तुला माझं नाव तरी माहीत आहे का गं?" आणि तिथेच, खरकट्या ताटांसमोर, तिला सगळं सांगितलं. गडाच्या पायथ्यापासून उतू गेलेल्या चहापर्यंत. हे उठले नाहीत, मला थांबवलंही नाही. मुलगी आधी हसत होती, तिला वाटलं मी गंमत करतेय. मग तिने बापाकडे पाहिलं आणि तिचं हसू गेलं.

ती म्हणाली, "आजी तुला ज्या नावाने बोलवायची, ते खरं? मला वाटायचं ते लाडाचं आहे."

"तेच खरं."

"मग मी ते काढते हातावर."

"काही नको," मी म्हटलं. "एका हातावरचं निस्तरता निस्तरता माझं आयुष्य गेलं. आणखी एक हात नको." ती रडायला लागली. मला तिला जवळ घ्यायचं होतं, पण माझ्यात तेवढा जीव उरला नव्हता. मी ताटं उचलली.

मुलगी बापाशी बोलेना. हाक मारली तर ओ देईना, समोर आले तर उठून जाई. ह्यांना ते फार लागलं. माझं न बोलणं ह्यांनी वर्षानुवर्षं पचवलं होतं, पण मुलीचं त्यांना पचेना. एका शनिवारी हे काही न सांगता बाहेर गेले आणि हाताला पांढरी पट्टी बांधून आले. गंगापूर रोडला कातडीचे डॉक्टर होते, त्यांच्याकडे लेझर आलं होतं. एका वेळी जात नाही, महिन्या-दीड महिन्याने पुन्हा जावं लागतं, असं म्हणाले. दुखतं का, मी विचारलं. "गोंदताना दुखलं त्यापेक्षा जास्त," हे म्हणाले.

मलम लावायचं काम माझ्याकडे आलं. उजवा हात, त्यांना स्वतःला नीट जमत नव्हतं. दर वेळी फोड यायचे, त्यांना जळक्या केसांसारखा वास यायचा. मी कापसाने मलम लावायचे आणि अक्षरं थोडी थोडी फिकट होताना बघायचे. मजा बघा, ज्या नावाने मला एवढं छळलं त्याचीच मी शुश्रूषा करत होते. एकदा हे म्हणाले, "आता तरी तुला बरं वाटेल ना?" काय सांगणार? त्यांना खरंच वाटत होतं की माझं दुखणं त्यांच्या हातावर आहे. रेशनकार्डावर, मतदार यादीत, गॅसच्या पुस्तकावर, मुलीच्या दाखल्यावर, दूधवाल्याच्या तोंडात जे होतं, ते कोणत्या लेझरने जाणार होतं? त्यांचा हात मोकळा होणार होता. मी नाही. पण मी एवढंच म्हटलं, "हं, हलवू नका."

शेवटी हात कोरा झाला. अगदी कोरा नाही, त्या जागेवर पांढरट डाग राहिला, भाजल्यासारखा. मुलगी बापाजवळ येऊन बसली, हात हातात घेऊन बघितला आणि पुन्हा बोलायला लागली. घरात बरं वाटायला लागलं. हे अर्ध्या बाह्यांचे शर्ट घालायला लागले. कॉलनीतल्या बायकांनी विचारलं, अगं नाव कुठे गेलं? मी म्हटलं, भाजलं. त्यांनी फार हळहळ केली.

त्यानंतर काही दिवसांनी आम्ही दोघं नाशिकरोडला बाजाराला गेलो होतो. रविवारचा दिवस, संध्याकाळची गर्दी. हे मागे लसणाच्या गाडीवर थांबले होते आणि मी पिशव्या घेऊन पुढे निघाले होते. कांद्याच्या गोण्यांनी भरलेला टेंपो रिव्हर्स येत होता. मला तो दिसला नव्हता. तेवढ्यात मागून ह्यांचा आवाज आला. नावाने. ते नाव. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, खणखणीत, जीव तोडून मारलेली हाक. एकदा, मग पुन्हा.

मी हलले नाही. मी जागच्या जागी थांबले आणि गर्दीत सगळीकडे बघायला लागले. शेवग्याच्या शेंगा घेणारी एक बाई, छत्री धरलेली एक, लेकरू कडेवर घेतलेली एक. ह्यातली कोण असेल ती? कशी दिसत असेल आता? नांदगावहून कधी आली?

ह्यांनी धावत येऊन मला दंडाला धरून ओढलं. टेंपोचं फळकूट माझ्या पदराला घासून गेलं, पिशवीतले टोमॅटो रस्त्यावर सांडले. हे म्हणाले, "केव्हाचा हाका मारतोय! ऐकू येत नाही?"

"आलं की."

"मग बाजूला का नाही झालीस?"

"मला वाटलं," मी म्हटलं, "ती आलीय."

लोक बाजूने जात होते, कोणीतरी ओरडलं, रस्त्यातून सरका म्हणून. मग हे खाली वाकले आणि एकेक टोमॅटो उचलून पिशवीत भरायला लागले. मीही त्यांच्या शेजारी बसले आणि जे फुटले नव्हते ते वेचून त्यांच्या हातात देत राहिले.